इकडून तीन लिटर

सहावा मग टिटवीने नरसाळ्यात रिकामा केला आणि भरून आलेला उजवा दंड डाव्या हाताने दाबून धरला. काळ्या कापडाच्या पलीकडे रेडिओचा, म्हणजे वर्गातल्या सतत बोलणाऱ्या मुलाचा, आवाज रंगात आला होता.

“आणि आता पाहा, सरकारने खर्चाचा हा नळ बंद केला. लगेच सरकारच्या टाकीतली पातळी चढायला लागली. यालाच म्हणतात बचत. आठ मिनिटांत सरकारने पूर्ण तीन लिटर वाचवले, आणि तरीही कुटुंबांच्या टाकीतलं पाणी लाल रेघेवरून तसूभर हललेलं नाही.”

“वा,” सर म्हणाले. “तसूभर छान आहे. ते उद्या तसंच ठेव.”

तसूभर हललं नव्हतं, कारण कापडामागे उपड्या बादलीवर बसून टिटवी ओतत होती.

यंत्र तसं सुरेख होतं. अर्थशास्त्राच्या सरांनी पुस्तकातली आकृती दिली होती आणि वर्गातल्या ‘पाना’ने ती प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांत उतरवली होती. पानाच्या वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान. ती स्वतः दप्तरात कंपासपेटीऐवजी पाना घेऊन हिंडते असं वर्गात म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. खालच्या डब्यावर ‘कुटुंबे’ अशी चिठ्ठी होती. पंप तिथलं पाणी उचलून वरच्या ‘उद्योग’ नावाच्या डब्यात टाकायचा. तिथून ते पगार म्हणून खाली यायचं. वाटेत एक बारीक नळी फुटून कराचं पाणी मधल्या ‘सरकार’ नावाच्या डब्यात जायचं, आणि सरकारच्या नळातून ते दवाखाने, पाळणाघरं, शाळा असं होत होत पुन्हा कुटुंबांकडे. सर म्हणायचे, एकदा बटण दाबलं की अर्थव्यवस्था आपली आपण फिरत राहते.

फक्त ती राहत नव्हती. पाणी थोडं उडायचं, थोडं झिरपायचं, आणि कुटुंबांच्या डब्यात ते लाल रेघेच्या बरंच खाली गेलं की पंप हवा ओढायचा, म्हाताऱ्यासारखा खोकायचा आणि बंद पडायचा. पहिल्या चाचणीत तो नेमका मुख्याध्यापकांसमोर खोकला. दुसऱ्या दिवशी सरांनी काळं कापड आणलं, एक नरसाळं आणलं आणि टिटवीला कापडामागे बसवलं. तिची कुजबुजही शेजारच्या वर्गात ऐकू जाते म्हणून तर तिचं नाव टिटवी; तिलाच तोंड मिटून बसायचं काम मिळालं, यावर सगळे दोन दिवस हसले. तीही हसली होती.

पण आज ती कापड बाजूला सारून बाहेर आली.

“सर, एक गंमत आहे. नळ उघडा असतो तेव्हा मला दहा मिनिटांत एक मग पुरतो. नळ बंद केला की आठ मिनिटांत सहा लागतात.”

“गळती असेल. पाना, सांधे बघ.”

“सांधे कोरडे आहेत, सर,” पाना खाली न बघताच म्हणाली. आपल्या सांध्यांवर कुणी संशय घेतला की तिला राग यायचा.

“गळती नाहीये,” टिटवी म्हणाली. “अर्ध्या लिटरचा मग आहे. सहा मग म्हणजे तीन लिटर. सरकारच्या टाकीत किती साठलं? तीन लिटर. म्हणजे सर, ते वाचलेलं नाहीये. ते मी ओतलंय.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ते वाईट नव्हते. खरं तर शाळेतले सगळ्यांत चांगले सर तेच, प्रश्न विचारला तर न रागावणारे. पण उद्या प्रदर्शन होतं.

“हे बघ, आकृतीत तीन चौकोन आहेत. चौथा कुठून आणू? कुटुंबं आपली आपण जुळवून घेतात, असं धरलेलंच असतं.”

“पण ती जुळवून घेणारी मी आहे ना, सर. कापड काढलं तर दिसेल तरी.”

“कापड काढलं तर ते यंत्र राहणार नाही, पाणपोई होईल.”

रेडिओ फिस्सकन हसला. टिटवीलाही हसू आलं आणि आल्याचा राग आला.

“आणि सर, पुढच्या फेरीत गेलो तर?” पानाने विचारलं. “फॉर्मवर दोनच नावं आहेत. मी आणि रेडिओ. तिथे ओतणार कोण?”

“ओतायला काय,” सर फॉर्म घडी करत म्हणाले, “कुणीही मिळेल.”

ज्यातून ती मग भरायची तो पाण्याचा कॅन टिटवीने उचलला. अर्धा भरलेला होता तरी जड लागला. तिने तो तळमजल्यावरच्या नळाशी नेऊन पालथा केला, पूर्ण रिकामा होईपर्यंत बघत राहिली, आणि घरी नेण्यासाठी सायकलला बांधला.

*

घरी आई आजोबांची कूस बदलत होती. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि एक, दोन, तीन. टिटवीने दप्तर टाकून पायांकडची बाजू धरली.

“वळवा, वळवा,” आजोबा म्हणाले. “या बाजूने खरपूस झालोय.”

“आजोबा, तुम्हाला दर दोन तासांनी तोच विनोद सुचतो.”

“दर दोन तासांनी तीच वेळ येते, त्याला मी काय करू?”

आई हसली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पुढची वेळ मनात ठेवली. तिचे ओठ हलले त्यावरून टिटवीला कळलं, साडेसात. दीड वर्षापूर्वीपर्यंत आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि आजोबा दिवसभर पालिकेच्या वृद्ध-केंद्रात. तिथे नर्स होती, खाटा होत्या, आजोबांचे तीन पत्त्यांचे भिडू होते. मग केंद्र बंद झालं. सरांनी वर्गात ती बातमी वाचून दाखवली होती: शहरातली सहा केंद्रं बंद, अंदाजपत्रकातली तूट कमी. ‘सार्वजनिक खर्चात बचत कशी होते, उदाहरण द्या,’ या प्रश्नाला टिटवीने तेच उदाहरण लिहिलं. दोनपैकी दोन गुण. पेपर तिने आईला दाखवला होता, आणि आईने त्यावर सही केली होती.

हे तिला आत्ता, आजोबांचे पाय उशीवर ठेवताना आठवलं. कान गरम झाले.

“आई, या कॅनवर खुणा करायच्यात. अर्ध्या अर्ध्या लिटरच्या. पक्क्या.”

“आण इकडे.”

आईने कपाटाच्या वरच्या फळीवरून काचेचं मोजपात्र काढलं. प्रयोगशाळेतून निघताना मैत्रिणींनी दिलेलं. इतके दिवस त्यात पेनं उभी असायची. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने कॅन ठेवला, पाणी मोजून ओतलं आणि खाली वाकली.

“डोळा पाण्याच्या पातळीसमोर आण. वरून वाचलंस की चुकतं. वरून बघणाऱ्याला नेहमी वेगळंच दिसतं.”

टिटवी वाकली. दोघींची डोकी एकमेकींना लागली. आईने काळ्या पेनाने बारीक, सरळ रेघ ओढली आणि शेजारी आकडा लिहिला. आकडा लिहिताना तिचा हात असा चालत होता, जसा टिटवीने दीड वर्षात पाहिला नव्हता.

“तुला नुसतं ओतायचंय ना? मग खुणा कशाला?”

“किती ओतलं ते कळायला हवं.”

पेन थांबलं.

“कुणाला?”

“आधी मला,” टिटवी म्हणाली. “मग बघू.”

पुढची रेघ आईने दोनदा गिरवली.

“काय खलबतं चाललीत?” आतून आजोबांनी विचारलं.

“उद्या मला गप्प बसायचंय, आजोबा. त्याची तयारी.”

“तू? गप्प?” बराच वेळ ते खोकत-हसत राहिले. “बोलणाऱ्याची माती खपते, बाई, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. माझ्याकडे बघ. पडून आहे.”

*

प्रदर्शनाच्या सभागृहात चाळीस टेबलं होती, आणि त्यातल्या निम्म्यांवर ज्वालामुखी. परीक्षक म्हणून अर्थखात्यातून एक बाई आल्या होत्या. उंच, केस आखूड, पायांत चालायचे बूट, हातात छापील कागदांची फळी. त्या प्रत्येक टेबलापाशी सारखाच वेळ थांबत आणि सारखंच ‘बरं’ म्हणत. टिटवीला त्या दिसत नव्हत्या. तिला कापडाखालून फक्त बूट दिसत होते. बूट दोन ज्वालामुखी ओलांडून आले आणि त्यांच्या टेबलापाशी थांबले.

रेडिओ सुरू झाला. तो आज खरंच चांगला बोलत होता. महिनाभर त्याने आरशासमोर पाठ केलं होतं, वडिलांचा कोट घातला होता, आणि पुढची फेरी राजधानीत होती, जिथे तो कधीच गेला नव्हता. टिटवीला हे सगळं माहीत होतं. ती मोजत ओतत होती. एक. दोन. कॅनवरची पातळी आईच्या रेघांवरून एकेक पायरी उतरत होती.

“आठ मिनिटांत सरकारने पूर्ण तीन लिटर वाचवले,” रेडिओ म्हणाला, “आणि तरीही कुटुंबांच्या टाकीतलं पाणी—”

“इकडून तीन लिटर गेलं,” कापडाने म्हटलं.

शेजारच्या टेबलावरचे लोकही वळले. आवाजच तसा होता.

“कोण आहे?” बाईंनी विचारलं.

“कुणी नाही,” सर घाईने म्हणाले. “मदतनीस आहे आमची.”

बूट टेबलाला वळसा घालून आले. बाईंनी कापड दोन बोटांनी उचललं. उपड्या बादलीवर बसलेली मुलगी, हातात मग, पायांशी कॅन, आणि कापडाच्या भोकातून पलीकडे गेलेलं नरसाळं. टिटवी उठून उभी राहिली. आवाज जागेवर होता.

“हा कॅन सकाळी काठोकाठ भरलेला होता, मॅडम. खुणा पक्क्या आहेत, माझ्या आईने केल्यात, ती प्रयोगशाळेत होती. नळ उघडा होता तेव्हा एकच मग गेला. नळ बंद झाल्यापासून सहा. तिकडे सरकारच्या टाकीत बघा, आणि मग इकडे बघा. डोळा समोर आणून. वरून नाही.”

बाई खरोखर वाकल्या. आधी कॅनपाशी, मग टेबलाच्या पुढे जाऊन सरकारच्या टाकीपाशी. त्यांचे गुडघे कटकन वाजले.

“आणि हे पाणी येतं कुठून?”

“तळमजल्यावरून. मीच आणते. दोन जिने.”

“आकृतीत हे कुठे दाखवलंय?” बाईंनी सरांना विचारलं.

सरांनी घसा साफ केला. “आकृती पुस्तकातली आहे, मॅडम.”

“हो,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडेही तीच आहे.”

बोलता बोलता टिटवीने नरसाळ्यात आणखी अर्धा मग ओतला. बाईंनी तो हात पाहिला. मग फळीवरच्या कागदावर त्यांनी पेनाचं टोक ठेवलं आणि तो कागद टिटवीकडे वळवला.

“हे वाच. पाचवा मुद्दा.”

“‘यंत्र आपोआप चालते का? होय, नाही.’”

“तू ओतत राहिलीस तर मला ‘होय’ला खूण करावी लागेल. ओतणाऱ्यासाठी इथे रकाना नाही. तुमची शाळा बहुतेक पुढे जाईल. बाकी काम उत्तमच आहे. तू हात खाली ठेवलास तर काय होतं ते मला दिसेल, पण बंद पडलेलं यंत्र पुढे पाठवता येत नाही. तो नियमही इथे छापलाय आणि मी तो मोडणार नाही.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “नळ बंदच राहील. ठरव.”

सर काहीतरी बोलायला पुढे झाले. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते जिथे होते तिथेच राहिले.

टिटवीने पानाकडे पाहिलं. पानाने खांदे उडवले. “पंपाला काही होत नाही. मी आहे.”

मग तिने रेडिओकडे पाहिलं. त्याने कोटाच्या बाह्या दोन्ही मुठींत गच्च धरल्या होत्या.

“माझ्याकडे काय बघतेस?” तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. “मी काय, जे दिसेल ते बोलणार.”

“राजधानी जाईल.”

“ती कुठे जाते. तिथेच असते.” तो जमिनीकडे बघत होता. “पटकन ठरव, नाहीतर मी मत बदलेन.”

टिटवीने मग टेबलावर पालथा घातला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. पंप चालत होता, पाणी वर चढत होतं, पगार खाली येत होते. कुटुंबांच्या टाकीतलं पाणी रेघेला चिकटून होतं. मग रेघ आणि पाणी यांच्यामध्ये एक केसाएवढी फट दिसली. टिटवीचा हात उठला. तिने उठवला नव्हता. आपोआप उठला आणि पालथ्या मगापर्यंत गेला. तिने तो परत आणला आणि स्कर्टच्या खिशात कोंबला. फट बोटाएवढी झाली. आता पाठीतून कळ आल्यासारखं झालं, ओत, ओत, फक्त अर्धा मग, कुणाला कळणारही नाही. तिने दुसऱ्या हाताने खिशावरून मनगट दाबून धरलं. ओतण्यापेक्षा न ओतणं इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. साडेसातची वेळ टळली तर आईचे हातही असेच उठतील, हे मनात आलं. आणि आईला ते खिशात घालता येणार नाहीत, हेही.

टेबलाभोवती माणसं जमली होती. ज्वालामुखीवाली मुलंही आली.

पंपाने पहिल्यांदा खोकून दाखवलं. मग दोनदा. वरच्या टाकीतून एक बारीक धार उतरत राहिली, मग थेंब, मग तेही नाही. पंप भुकेल्यासारखा घुरघुरला आणि पानाने बटण बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की मागच्या टेबलावरचा पंखा ऐकू यायला लागला.

उद्योगांची टाकी कोरडी होती. कुटुंबांच्या टाकीच्या तळाशी जेमतेम ओल. मध्ये सरकारची टाकी, साडेचार लिटरच्या वर, स्वच्छ, भरलेली, स्थिर.

“एवढं पाणी आहे की तिथे,” गर्दीतल्या कुणाच्या तरी धाकट्या बहिणीने म्हटलं. “मग बंद का पडलं?”

रेडिओने तोंड उघडलं. महिन्याभरात पाठ केलेल्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. “बचत झाली ना,” तो सावकाश म्हणाला, “म्हणून.”

कुणी हसलं नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “चार मिनिटं,” त्या म्हणाल्या. आणि मग कुणालाही नाही, टाकीलाच सांगितल्यासारखं, “आमच्याकडे हे दिसायला वर्षं लागतात.”

त्यांनी पाचव्या मुद्द्यापुढे ‘नाही’वर खूण केली, खाली सही केली, कागद सरांच्या हातात दिला आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. तिथे त्या सारखाच वेळ थांबल्या. पण त्यांचं ‘बरं’ ऐकू आलं नाही.

सरांनी कागद वाचला. मग परत वाचला. रेडिओने कोट काढून खुर्चीवर टाकला. पाना पंपाचं झाकण उघडून आत बघत होती. टिटवी सरांच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. माफी मागायची नाही, हे तिने कालच सायकलवर ठरवून टाकलं होतं. पण सर रागावलेच तर कुठे बघायचं, ते ठरवायचं राहिलं होतं.

गर्दी मात्र हलत नव्हती. “पुन्हा चालू करा ना,” ती धाकटी बहीण म्हणाली. “मला पहिल्यापासून बघायचंय.”

सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. काळं कापड त्यांनी दोन्ही टोकांना धरून ओढलं, गुंडाळलं आणि टेबलाखाली सारलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. एक बाही, दुसरी बाही, इतक्या हळू की त्यांना वेळ हवा होता हे उघड होतं.

“आता हे परत सुरू कसं करायचं?” त्यांनी विचारलं.

टिटवीला आधी वाटलं, हा वर्गातलाच प्रश्न आहे, उत्तर माहीत असून विचारलेला. पण सर तिच्याकडे बघत होते आणि खरंच थांबले होते.

“सरकारचा नळ उघडा, सर. पण नुसत्या तेवढ्याने नाही चालणार, पंपात हवा भरलीय. ओतावंही लागेल.”

सरांनी नळ उघडला. मग हात पुढे केला.

तिने टेबलावरचा मग उचलला, पण क्षणभर सोडला नाही. मग दिला. सरांनी तो कॅनमध्ये बुडवला, काठोकाठ भरला, घाईने नरसाळ्याकडे नेला, आणि अर्धं पाणी टेबलावर, अर्धं स्वतःच्या शर्टावर सांडलं. रेडिओने कोट उचलून टेबल पुसायला घेतलं.

“किती ओतायचं?” सरांनी विचारलं.

“रेघेपर्यंत,” टिटवी म्हणाली, आणि डोळा पातळीसमोर आणायला वाकली. “आणि मग थांबायचं नाही, सर.”